आमची वाटचाल : गाडी तुमची, स्टेशन आमचं

आमच्या पत्र्याच्या शेडवर पाटी लागली त्या दिवशी शेजारच्या आबांनी ती थांबून वाचली. मग म्हणाले, "रेल्वेचं मॉडेल म्हंजे काय, खेळण्यातली गाडी इकतं काय बावा तू?" म्हटलं, आबा, गाडी नाही विकत, गाडीच्या आजूबाजूचं विकतो. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाटीकडे, आणि शेताकडे निघून गेले.

त्याला अकरा वर्षं झाली. धंदा तोच आहे. स्टेशन, फलाट, फाटक, पाण्याची टाकी, जिनिंगची (कापसातून सरकी काढायच्या गिरणीची) शेड, बैलगाडी, बाभूळ, सगळं ८७ पटीने लहान करून खोक्यात भरून पाठवायचं. इंजिन आणि डबे गिऱ्हाइकाने आपापले आणायचे. शेडमध्ये एक लेझर कटिंग मशीन आहे, एक जुना लेथ, चार टेबलं. कामाला मी, घरची लक्ष्मी (हिशेब तिच्याकडे आणि रंगाचा शेवटचा हातही तिचाच) आणि गावातली दोन पोरं.

माझं गाव दारव्हा आणि कारंजाच्या मधलं, शकुंतलेच्या रुळाला लागून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी ही अडीच फुटी रुळांची गाडी धावायची. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनपर्यंत नेण्यासाठी ती घातली. तिथून कापूस मुंबईला आणि पुढे विलायतेला. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते एप्रिल १९९४ मध्ये काढून टाकलं आणि डिझेल आलं. माझे बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. ते म्हणायचे, कापूस मँचेस्टरला गेला आणि बदल्यात हे इंजिन आलं. हा सौदा कोणाच्या फायद्याचा झाला, ते मात्र कधी बोलले नाहीत.

डिझेल आलं तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. पहिलं इंजिन मी बूटपॉलिशच्या डब्या आणि टेपरेकॉर्डरच्या मोटरीचं केलं. ते चालायचं, पण वळायचं नाही. पुढे आयटीआय, मग भोसरीला टूलरूममध्ये नोकरी. पुण्यात असताना एका रविवारी कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं. तिकीट काढून एक खेळ पाहिला, बाहेर येऊन पुन्हा तिकीट काढलं. परत येताना बसमध्ये एकच गोष्ट डोक्यात फिरत होती: इथे सगळं आहे, आपल्याकडचं तेवढं नाही. पऱ्हाटी (कापसाचं झाड) नाही, जिनिंग नाही, रुळाच्या बाजूला शेळ्या चारणारी बाई नाही. चार वर्षांनी नोकरी सोडून गावी आलो. आई आठ दिवस बोलली नाही.

आता थोडं गणित, कारण आमचं दुकान त्याच्यावरच उभं आहे. हौशी लोकांत सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण युरोप-अमेरिकेतला गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटरचा. आपला ब्रॉडगेज १६७६. त्याला ८७ ने भागा, १९.३ येतात, आणि तसे रूळ बाजारात तयार मिळत नाहीत. म्हणून आपली भारदस्त इंजिनं बहुतेकांच्या टेबलावर साडेसोळाच्या रुळांवर उभी असतात. पैलवानाला पोराची चप्पल घातल्यासारखी. (१६७६ मिलिमीटर म्हणजे साडेपाच फूट, नेमकी माझी उंची. एकदा हे लक्षात आलं की मॉडेल पाहताना डोळा दुसरीकडे जातच नाही.) आता शकुंतलेचे ७६२ घ्या. ८७ ने भागले की ८.८ येतात. आणि एन या लहान मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ कुठेही मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा. ज्या गाडीला बाहेरचे लोक 'सायकलवाला पुढे जातो' म्हणून हसायचे, तिला लागणारे रूळ दुकानात तयार पडलेले! यात एकच खोट आहे. एन मापाचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) बारीक आणि फार जवळजवळ असतात, अडीच फुटी लाइनला शोभत नाहीत. त्याला आमचा उपाय साधा: रूळ अर्धेअधिक माती-गवतात बुडवून टाकायचे. शकुंतलेचे तसेच असायचे, त्यामुळे कोणी तक्रार करत नाही.

मी लहान गाडीचा कैवारी आहे, आणि ते फक्त आठवणीपोटी नाही. घरात लोकांना जागा किती असते? आठ फुटांचं टेबल मिळालं तर नशीब. वंदे भारतचे सोळा डबे या मापात चार मीटरच्या वर जातात, टेबलापेक्षा गाडी लांब. बरं, दोनच डबे लावले आणि ताशी १३० च्या वेगाने (तोही ८७ ने भागून) सोडली, तर आठ फूट सहा सेकंदांत संपतात. तुम्ही चहाचा कप उचलेपर्यंत गाडी भिंतीत. तेच ताशी वीस किलोमीटरने जाणारी गाडी अडतीस सेकंद घेते. तेवढ्यात फाटक लागतं, उघडतं, बैलगाडी दिसते, जिनिंगची चिमणी मागे पडते. हे मी गिऱ्हाइकांना स्टॉपवॉच लावून दाखवतो. पोरांना तरी वंदे भारतच पाहिजे असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब ही मोठी लाइन सुरू झाल्यापासून जिल्ह्यातूनही ब्रॉडगेजची विचारणा येते. ठीक आहे, फलाट लांब करून देतो.

पहिल्या वर्षी मला गिट्टीने रडवलं. खऱ्या रुळाखालची गिट्टी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची. ८७ ने भागली की पाऊण मिलिमीटर. गावाजवळच्या क्रशरवरची चुरी आणून आईच्या चाळण्यांनी गाळली, धुतली, वाळवली. काय रंग होता! हुबेहूब. ती पसरायची, वर पाणी मारायचं, मग पातळ केलेला फेव्हिकॉल सिरिंजने थेंबथेंब सोडायचा. त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब लागतो. तो नसला तर फेव्हिकॉलचा थेंब मोत्यासारखा वरच बसून राहतो आणि गिट्टीच त्याला चिकटून वर येते. हे शिकायला मला महिना लागला.

त्या गिट्टीचा लेआउट (टेबलावर मांडलेलं रूळ-स्टेशनाचं अख्खं दृश्य) नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांकडे गेला. दहाव्या दिवशी फोन: इंजिन कुरकुर करतं आणि थांबतं. एसटीने नागपूर गाठलं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरून इंजिन उघडलं. मोटरच्या चुंबकाला काळे कण असे चिकटले होते, जशा गुळाच्या ढेपेला मुंग्या. चुंबक गिट्टीजवळ नेला तर उरलेली, नीट न चिकटलेली चुरी उडी मारून आली. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. ज्या दगडावर आपटून माझी गुडघ्यांची सालं निघाली, तो चुंबकाला धरतो हे मला चाळिशीला आल्यावर कळलं. त्या गृहस्थांकडे चार दिवस राहून सगळी गिट्टी खरवडली. त्यांनी जेवूही घातलं आणि पैसेही कापले, दोन्ही रास्त. तेव्हापासून आम्ही वणीकडच्या चुनखडीचा चुरा वापरतो, रंगवून, आणि तरीही तीनदा चुंबक फिरवून.

झाडांची गोष्ट उलटी. तिथे आमच्याकडे माल फुकट. पऱ्हाटी उपटल्यावर तिच्या शेंड्याच्या काड्या अशा फुटलेल्या असतात, की वाळवून फक्त फोमचा चुरा लावला की कडुलिंब तयार. तुराटीच्या काडीचं खोड होतं. फोम म्हणजे जुन्या गादीतला. तो रंगाच्या पाण्यात भिजवून मिक्सरमध्ये फिरवायचा. या उद्योगात घरातला पहिला मिक्सर गेला. दुसरा शेडसाठी वेगळा घ्यावा लागला, त्याची पावती अजून हिशेबाच्या वहीत 'झाडे' या नावाखाली आहे.

रंगावरून मात्र भांडणं होतात. लोकांना हिरवंगार पाहिजे. विलायती पुड्यांतलं गवत पोपटी असतं, ते अंथरलं की मे महिन्यातलं दारव्हा स्वित्झर्लंड दिसायला लागतं. आमचा रंग उन्हाळ्याचा: पिवळं पडलेलं गवत, काळी भेगाळलेली जमीन, मधेच एक पळस पेटलेला. एकदा मोठ्या शहरातून ऑर्डर आली, बर्फाचे डोंगर, सूचिपर्णी झाडं आणि त्यातून शकुंतला. मी नाही म्हणणार होतो. हिशेबाची वही समोर आली आणि मी हो म्हटलं. बर्फ बेकिंग सोड्याचा केला. फोटो मात्र कुठे लावलेला नाही.

पैशाचं थोडक्यात. सुरुवातीला कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी 'खेळणी' हा रकाना भरला आणि विचारलं, गावातली पोरं घेतील का? शेवटी लेझर मशीन बायकोच्या माहेरचं सोनं गहाण ठेवून आलं. ते सुटलं, हे इथे मुद्दाम लिहितो, ती वाचणार आहे. एका शाळेने प्रदर्शनासाठी मोठा लेआउट केला, उद्घाटनाला मला बोलावून शाल दिली, आणि निम्मे पैसे आजतागायत दिले नाहीत. शाल आहे.

धंदा बदलला तो आयात महाग झाल्याने. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ ला ७०. बाहेरून किट मागवणारे लोक आमच्याकडे वळले, हे खरं. पण आम्हाला लागणारे रूळ आणि आमच्या गिऱ्हाइकाचं इंजिनही त्याच रांगेत महागलं. ज्याचं इंजिनच परवडत नाही तो स्टेशन कशाला घेईल? दुसरं, १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. आमची किटं बारीक तुकड्यांची, चाकू-गोंदाची, मोठ्यांसाठीचीच. खोक्यावर तसं ठळक छापतो. आबांना तेव्हा दिलेलं उत्तर आता कायद्यालाही द्यावं लागतं, एवढाच फरक.

आणि ऊन. हिवाळ्यात १२ अंशांवर जोडलेला तीन मीटरचा रूळ मे महिन्यात ४५ अंशांवर दीडएक मिलिमीटर वाढतो. जागा सोडली नसेल तर तो मधेच कमान काढतो आणि गाडी तिथे हमखास आडवी होते. पुण्या-मुंबईचे लोक सांगतात की अर्धा मिलिमीटर फट पुरे. पुरत असेल त्यांना. आम्ही दर तीन फुटांवर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीच्या दोन फटी ठेवतो आणि जोडणी शक्यतो मार्चमध्ये करतो. बेसला एमडीएफ वापरू नका, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं. प्लायच घ्या, थोडा महाग पडला तरी.

आमच्याकडे एक तपासनीस आहेत, बिनपगारी. शकुंतलेवर गँगमन होते, आता ऐंशीच्या पुढे. आठवड्यातून दोनदा काठी टेकत येतात, चहा घेतात आणि चुका काढतात. 'रांजण कुठी हाये?', 'हे खांब एवढे सरळ? सरकारी वाटून रायले.' तिकीट गार्डच द्यायचा, हे त्यांनीच सांगितलं, म्हणून आमच्या लहान हॉल्टला तिकीटखिडकी नसते. गिऱ्हाईक विचारतात, खिडकी राहिली का? मग आम्ही काकांचं नाव पुढे करतो.

सध्या टेबलावर एक आठ फुटांचा लेआउट आहे, दोन तुकड्यांत घडी होणारा. मध्यावर फाटक आहे. काकांनी सांगितलं की तिथे फाटकवाला नसायचा. गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि पळत येऊन मागच्या डब्यात चढायचा. तो माणूस पाहिजेच, म्हणाले. बाजारात मिळणारी माणसं कोट-हॅट घातलेली असतात, म्हणून मी तारेवर इपॉक्सी पुटी चढवून स्वतः केला: १९ मिलिमीटरचा, एक पाय फुटबोर्डवर, दुसरा हवेत, शर्ट मागे उडालेला. तीन संध्याकाळी गेल्या. काल काकांनी तो भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता शाबासकी.

"टोपी नाई दिली बे याले."

लेआउट गुरुवारी अकोल्याला जायचा आहे. टोपी काडेपेटीवर वाळते आहे.