मुदतीचं सौभाग्य

लग्नात मोठ्यांच्या पाया पडले तेव्हा मावश्या, आत्या, काकवा सगळ्यांनी तोंडभरून 'अखंड सौभाग्यवती भव' म्हटलं होतं. जपानमध्ये आल्यावर त्यातला 'अखंड' तेवढा गळाला. माझ्या पाकिटात एक कार्ड असतं, झायर्यू कार्ड म्हणतात त्याला, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. त्यावर फोटो, नाव, जन्मतारीख आणि मी या देशात कोण म्हणून राहते ते सांगणारी एक ओळ: 'जपानी व्यक्तीचा जोडीदार इत्यादी'. हे 'इत्यादी' माझ्या पदरचं नाही, छापील आहे. त्याच वर्गात जपानी माणसाची मुलंही मोडतात, म्हणून ते शेपूट. पण नवऱ्याने पहिल्यांदा अर्थ सांगितला तेव्हा मी अर्धा दिवस रुसले होते. बायको इत्यादी! आणि शेजारीच सौभाग्याची मुदत: ३ वर्षे.

मुदती चारच असतात. सहा महिने, एक वर्ष, तीन वर्षं, पाच वर्षं. कुणाला किती द्यायची हे सरकार ठरवतं, आणि का दिली ते सांगत नाही. त्यामुळे इथल्या परदेशी बायकांच्या गप्पांत हा विषय दहावीच्या मार्कांसारखा निघतो. "तुला किती मिळाले?" एखादीला पहिल्या फटक्यात तीन मिळाले की बाकीच्या गोड हसतात आणि मनातल्या मनात तिच्या नवऱ्याचा पगार काढतात. मला आधी एक मिळालं, मग पुन्हा एक, मग तीन, मग तीन. पाच अजून नाही.

सगळ्यात पहिला अर्ज केला तेव्हा त्यासोबत आठ पानी प्रश्नावली होती. कुठे भेटलात, कुणी ओळख करून दिली, आपापसांत कुठल्या भाषेत बोलता, आणि सोबत दोघांचे फोटो जोडा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही कुणी एवढं विचारत नाही. त्यात एक प्रश्न होता, या लग्नाची माहिती कोणकोणत्या नातेवाइकांना आहे? कराडच्या कार्यालयात, भर मे महिन्यात, बॅन्डबाजा लावून एका जपानी मुलाला मुंडावळ्या बांधल्या होत्या. माहिती नसलेला नातेवाईक कुठून शोधून काढणार?

पुढचा प्रश्न त्याहून अवघड. समारंभाला किती माणसं हजर होती? इथे लग्नाला नावानिशी खुर्ची असते, त्यामुळे जपानी माणूस चटकन आकडा सांगतो. आपल्याकडे माणसं कोण मोजतं? बाबांना फोन लावला. बाबांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. प्रश्न ऐकून त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "थांब," म्हणाले. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कागदांची सळसळ. "आचाऱ्याच्या बिलात ४१२ पानं लावलीत. त्यातली वाजंत्रीवाल्यांची आणि ड्रायव्हर लोकांची बारा वजा कर. चारशे लिही." मी चारशे लिहिलं. नवऱ्याने ते बघून हळूच विचारलं, शून्य एक जास्त पडलं असं त्यांना वाटलं तर?

मुदतवाढीला हे आठ पानी प्रकरण नसतं. लागतात ते नेहमीचे कागद: अर्ज, चार बाय तीन सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्ट, कर भरल्याचे दाखले, नवऱ्याचं हमीपत्र, त्याची कोसेकी आणि जूमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखला. मुदत संपायच्या आधी तीन महिने अर्ज घेतात. मी तीन महिने आधी कागद काढते, नवरा तीन आठवडे आधी शोधायला लागतो. दोन देशांच्या स्वभावाबद्दल जे काही ऐकलं होतं ते आमच्या घरात उलटं आहे.

कोसेकी म्हणजे कुटुंबाचं दफ्तर. रेशनकार्ड, सातबारा आणि कुळाचा इतिहास एकत्र शिवल्यासारखं. जन्म, लग्न, दत्तक, घटस्फोट, मृत्यू सगळं त्यात. लग्न झालं की जोडप्याची नवी कोसेकी उघडते. पण ती असते फक्त जपानी नागरिकांची. म्हणजे आमच्या घराच्या कोसेकीत कुटुंबप्रमुख म्हणून नवरा एकटाच बसलाय, त्याच्याखाली आमची मुलगी, आणि मी? मी त्याच्या नोंदींमध्ये आहे. जन्म अमुक तारखेला, विवाह तमुक तारखेला, जोडीदाराचं नाव हे, राष्ट्रीयत्व भारत. त्याच्या आयुष्यात घडलेली एक घटना. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे इतर हक्कात आहेस." सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्याशेजारी 'इतर हक्क' असतात. बहिणींची नावं तिथेच जायची, कर्जाचा बोजाही तिथेच.

पूर्वी तर जूमिनह्योतसुद्धा परदेशी माणसाला जागा नव्हती. त्यांची नोंदणीच वेगळी. घरात बायको नांदती असली तरी दाखल्यावर नवरा सडाफटिंग दिसायचा. २००२ च्या उन्हाळ्यात तामागावा नदीत एक सील मासा, मासा कसला, सस्तनच तो, वाट चुकून आला. लोकांनी लाडाने तामा-चान नाव ठेवलं. पुढे तो योकोहामाकडे सरकला आणि २००३ च्या फेब्रुवारीत तिथल्या निशी वॉर्डाने त्याला चक्क मानाचा जूमिनह्यो दिला. वर्षानुवर्षं कर भरणारी परदेशी मंडळी चिडली आणि गालांवर सीलच्या मिशा रंगवून, आम्हालाही द्या म्हणत रस्त्यावर उतरली. दाखल्यात परदेशी रहिवाशांची नावं यायला लागली ती २०१२ च्या जुलैपासून. मी आले त्यानंतर, त्यामुळे मला मिशा रंगवाव्या लागल्या नाहीत. पण कचेरीतून जूमिनह्यो घेताना दर वेळी मला त्या सीलची आठवण होते. त्याला तर मुदतही नव्हती.

कार्डासोबत येणारे नियम मी एकदा बसून वाचले. कार्ड कायम जवळ बाळगायचं. पत्ता बदलला तर चौदा दिवसांत कळवायचं. घटस्फोट झाला किंवा जोडीदार वारला, तर तेही चौदा दिवसांत. मी वाचता वाचता थांबले. चौदा! आपल्याकडे तेरा दिवस तर सुतक-पिंड-तेराव्यातच जातात. तेराव्याचं गोड जेवण करायचं, पाहुणे वाटेला लावायचे आणि चौदाव्या दिवशी कागद घेऊन रांगेत उभं राहायचं. नवऱ्याला हा हिशेब सांगितला. तो गंभीरपणे म्हणाला, कळवणं ऑनलाइन पण करता येतं. यांच्यापुढे विनोद करायची सोय नाही.

परदेशी लोकांचे हे परवाने बघणाऱ्या सरकारी ऑफिसला सगळे 'न्यूकान' म्हणतात. टोकन घ्यायचं आणि बसायचं. सगळ्या जगाचे नवरे-बायका तिथे मांडीवर प्लास्टिकचे फोल्डर घेऊन बसलेले असतात. माझ्या शेजारी एक फिलिपिनो बाई होती, वीस वर्षं इथे राहिलेली. तिचा फोल्डर बघून बाबांना भरून आलं असतं. प्रत्येक कागदाला रंगीत चिठ्ठी, वर अनुक्रमणिका. मी विचारलं, इतकी वर्षं झाली तर कायमस्वरूपी परवाना का नाही घेत? ती म्हणाली, "कागद." बस्. मीही तेवढ्याचसाठी अडले आहे. लग्नाला तीन वर्षं झाली की त्या परवान्याचा विचार होऊ शकतो, पण त्याला आणखी दोन बोटं जाडीची फाइल लागते, आणि इतकं करून ते कार्डही काही वर्षांनी बदलून घ्यावं लागतंच. सासूबाई दर नववर्षाला विचारतात, मी दर नववर्षाला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणते. मोची नावाचा तांदळाचा पदार्थ खाता खाता दिलेलं वचन आहे, ते कुणी फार मनावर घेत नाही.

खिडकीवर कागद दिले की कारकून एक पोस्टकार्ड पुढे सरकवतो. त्यावर आपणच आपलं नाव आणि पत्ता लिहायचा. मग काही आठवड्यांनी आपल्याच अक्षरातलं पत्र आपल्या पेटीत पडतं. मंजूर, नामंजूर असलं काही त्यावर लिहिलेलं नसतं. बरोबर काय आणायचं तेवढंच असतं. पण त्यात मुद्रांकाची रक्कम दिसली की मंजूर समजायचं, कारण फी मंजुरीनंतरच घेतात. एरवी पैसे मागणारं पत्र आलं की कपाळाला आठ्या पडतात. हे पत्र आलं की मी शिरा करते.

फी चार हजार येन होती, २०२५ च्या एप्रिलपासून सहा हजार झाली. ती रोख द्यायची नाही, तिकिटं विकत आणून कागदावर चिकटवायची. बाबांच्या वेळी पगाराच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर आडवी सही मारायचे. मी सवयीने पेन काढलं. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही हात उचलले, नको नको. तिकिटावर आपण काही लिहायचं नसतं.

त्यांनी माझं नाव वाचून खात्री केली. पासपोर्टवर आडनाव, मग मी, मग वडील. जपानीत मधलं नाव हा प्रकारच नाही, म्हणून त्यांनी सगळं एका दमात घेतलं: "जोशी मुरिनारु बासान्तो-सामा." बाबांनी तहसील कचेरीत तीस-पस्तीस वर्षं लोकांची नावं पुकारली. 'वसंत' या नावाला 'सामा' हा मानाचा शब्द लागलेला त्यांनी ऐकायला हवा होता. मी मान लववून "हाय", म्हणजे हो, म्हटलं, दोघांच्या वतीने.

नवीन कार्ड हातात पडलं. जुन्याला एक भोक पाडून तेही परत दिलं. नवीनवर पहिल्यांदा फोटो नाही, मुदत बघितली. ३ वर्षे.

रात्री नवऱ्याने स्वतःचं लायसन्स शेजारी ठेवून बघितलं. त्याचं सोनेरी पट्टीचं आहे. अपघात नाही, दंड नाही, म्हणून पाच वर्षांचं. गाडी चालवायला पाच आणि बायको राहायला तीन, असं तो म्हणाला. मी बघतच राहिले. त्याला विनोद जमला होता.

मग कराडला फोन केला. आईचा पहिला प्रश्न, "किती दिले?"

"तीन."

"परत तीनच?" आईने उसासा सोडला. "नीट राहा गं दोघं. पुढच्या वेळी पाच देतील."

मागून बाबांचा आवाज आला. "भोक पाडलेलं कार्ड टाकू नको म्हणावं. आणि नव्याची झेरॉक्स काढून घे. दोन्ही बाजूंची."