तुम्ही विचारलंत म्हणून: इन्सुलिनवर गेलं म्हणजे हाताबाहेर गेलं का?

जेवणाआधी पेन काढून पोटाला इन्सुलिन टोचताना कुणी पाहिलं, की प्रश्न ठरलेला. "अगं बाई, इन्सुलिनपर्यंत गेलं? पथ्य पाळत नव्हता का?" विचारणारे बहुतेक वेळा काळजीनंच विचारतात, त्यामुळे फटकन काही बोलवतही नाही. आज सविस्तर सांगते.

बहुतेकांच्या डोक्यात मधुमेहाचा एक जिना असतो: आधी पथ्य, मग गोळ्या, मग वाढीव गोळ्या, आणि सगळं फसलं की सुई. माझा मधुमेह त्या जिन्यावरचा नाहीच. मला टाइप वन आहे. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते, आणि इन्सुलिन बनवतात त्या नेमक्या याच पेशी. गोड खाल्ल्यानं त्या मरत नाहीत आणि गोड सोडल्यानं वाचत नाहीत. इन्सुलिनच नसलं की रक्तात साखर तुंबते आणि शरीराच्या पेशी मात्र उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचतात, रक्तातलं आम्ल वाढतं. उपचार न झाल्यास माणूस यातून दगावतो. त्याला महिने लागत नाहीत. म्हणून "थोडे दिवस सुई बंद करून अमुक उपाय करून बघा" हा सल्ला कितीही प्रेमानं दिलेला असो, मी तो ऐकून घेण्यापुरताही ऐकत नाही.

"पण इन्सुलिनची सवय लागते म्हणे." हो, मला ती जन्मापासून आहे. तुम्हालाही आहे. तुमचं आतल्या आत तयार होतं, एवढाच फरक.

जानेवारी 1922 मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. पहिला डोस पुरेसा शुद्ध नव्हता. काही दिवसांनी सुधारून दिलेल्या अर्काचा गुण आला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस लांबवणं, एवढंच वैद्यकाच्या हातात होतं. त्याहून कडक पथ्य कुणी काय पाळणार?

टाइप वन आणि टाइप टू या दोन आजारांना मधुमेह हे एकच नाव आहे, ही अडचण डॉक्टरांनाही होती. 1936 मध्ये हॅरोल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरांनी रुग्णांना साखर आणि इन्सुलिन एकत्र देऊन पाहिलं. काहींची रक्तशर्करा आटोक्यात राहिली, काहींवर इन्सुलिनचा फारसा परिणामच दिसला नाही. म्हणजे काहींना इन्सुलिनच कमी पडत होतं (आजचा टाइप वन साधारण असा), तर काहींचं शरीर त्याला दाद देत नव्हतं (टाइप टू साधारण असा).

गोंधळ वयाचाही आहे. टाइप वन लहान मुलांचा आणि टाइप टू मोठ्यांचा, अशी वाटणी लोक करतात. मला तो चाळिशीत झाला. वयाकडे बघून आधी टाइप टू धरला गेला, गोळ्या सुरू झाल्या. वजन मात्र उतरत राहिलं, तहान भागेना. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गॅड अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटलंय का, ते सांगणारी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय, ते सांगणारी) या रक्ततपासण्या करायला सांगितल्या, तेव्हा उलगडा झाला. उलट, टाइप टू आता किशोरवयीन मुलांनाही होतो. गरोदरपणातला वेगळा, एकाच जनुकातल्या बदलामुळे होणारा वेगळा, स्वादुपिंडाच्या आजारानंतर येणारा आणखी वेगळा.

आता थोडं आमच्याच मंडळींविषयी. टाइप वन असलेले अनेकजण घाईघाईनं म्हणतात, "माझा तो खाऊन-पिऊन होणारा नाही हं." मला हे उत्तर मुळीच पटत नाही. स्वतःवरचा डाग पुसायचा म्हणून तो शेजारच्याला लावायचा, असला प्रकार आहे हा. वजन आणि हालचाल यांचा टाइप टूशी संबंध आहे, नाकारत नाही. पण आनुवंशिकतेचा वाटा त्यातच जास्त: एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला टाइप टू असेल, तर दुसऱ्यालाही तो होण्याची शक्यता टाइप वनपेक्षा मोठी असते. आणि ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस या प्रदीर्घ अभ्यासात दिसलं, की उपचार चालू असतानाही टाइप टूमध्ये बीटा पेशींची ताकद वर्षागणिक घटत जाते. त्यामुळे त्यांच्यातल्या कुणाला पुढे इन्सुलिन लागलं, तर तो त्यांच्या चारित्र्याचा निकाल नव्हे. या नापास होण्याच्या भीतीनं कितीतरी जण गरजेचं इन्सुलिन वर्षानुवर्षं टाळतात आणि डोळे, मूत्रपिंडं तेवढा काळ सोसत राहतात.

एक गोष्ट मात्र प्रकार न विचारता लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणारा माणूस अचानक थरथरायला लागला, घामाघूम झाला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याची साखर उतरलेली असू शकते. अशा वेळी "मधुमेह आहे ना, गोड देऊ नका" म्हणणारा एकजण हमखास उभा असतो. त्याला बाजूला सारा. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा.