फॅट, साखर आणि उडून गेलेलं पाणी

वजन वाढवतं कोण, फॅट की साखर? हा वाद रंगला की सगळ्यात जास्त फावतं ते पाकीटबंद पदार्थ विकणाऱ्यांचं. फॅट बदनाम झालं की पाकिटावर 'लो फॅट' छापायचं, साखर बदनाम झाली की 'शुगर फ्री'. आतल्या पदार्थाच्या कॅलरी बहुतेक वेळा थोड्याफार फरकाने तेवढ्याच राहतात. म्हणून पुढची बाजू वाचायच्या भानगडीत पडू नये. पाकीट उलटं करावं आणि मागच्या तक्त्यात 100 ग्रॅमला किती कॅलरी लिहिल्यात ते आधी बघावं.

हा आकडा बनतो कसा? एक ग्रॅम फॅटच्या 9 कॅलरी, कर्बोदकांच्या किंवा प्रोटीनच्या 4, फायबरच्या साधारण 2 आणि पाण्याच्या शून्य. सगळ्यांची नजर त्या 9 वर असते, पण पाकीटबंद पदार्थांत खरी करामत शून्याची आहे. उकडलेल्या 100 ग्रॅम बटाट्यात साधारण 85 कॅलरी असतात, कारण त्याचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग पाणी असतो. त्याच बटाट्याचे चिप्स केले की पाणी दोनेक टक्क्यांवर येतं, 35 ग्रॅमच्या आसपास तेल आत शिरतं आणि 100 ग्रॅमला 540 कॅलरी होतात. 100 ग्रॅम चिप्ससाठी सुमारे 300 ग्रॅम कच्चा बटाटा लागतो. तेवढा बटाटा उकडून खाल्ला तर अडीचशे कॅलरींत पोट गच्च भरेल. चिप्स खाताना कॅलरी दुप्पट जातात आणि पोटातली जागा एक तृतीयांश भरते.

पिठाचंही तसंच. ब्रेडमध्ये एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं म्हणून तो अडीचशेच्या आसपास राहतो. त्याच मैद्याचं बिस्किट भाजून कोरडं झालं, त्यात साखर आणि फॅट पडलं, की आकडा साडेचारशे ते पाचशे. यात कुणाचा कट वगैरे नाही. पदार्थात सुटं पाणी उरलं नाही की बुरशी आणि जिवाणू वाढत नाहीत, माल महिनोन्महिने टिकतो. टिकाऊपणासाठी काढलेलं पाणी कंबरेवर दिसतं, इतकंच.

पोट भरल्याची जाणीव बऱ्याच अंशी खाण्याच्या वजनावर आणि आकारमानावर ठरते, कॅलरींवर नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले. माणसं साधारण सारख्याच वजनाचं अन्न खातात, मग त्यात कॅलरी दाटीवाटीने भरलेल्या असोत की विरळ.

फॅट की साखर या वादाला सर्वात मोठा धक्का दिला तो 2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केलेल्या प्रयोगाने. 20 जणांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं, फारशी प्रक्रिया न केलेलं. वाढलेल्या ताटांत कॅलरी, फॅट, साखर, फायबर, सोडियम सगळं दोन्हीकडे जुळवलेलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त जेवणावर लोकांनी रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन सरासरी 0.9 किलोने वाढलं. साध्या जेवणावर ते तेवढंच उतरलं. जास्तीच्या कॅलरी फॅट आणि कर्बोदकं दोन्हींतून आल्या, प्रोटीन मात्र जवळपास सारखंच राहिलं. फायबर जुळवायची युक्तीही बघण्यासारखी आहे: अतिप्रक्रियायुक्त जेवणात ते इतकं कमी पडत होतं की पेयांत विरघळवून द्यावं लागलं. पेयं वगळून घन अन्नाचा हिशेब केला तर त्या जेवणातल्या कॅलरी कितीतरी दाट होत्या, आणि लोक ते भराभर खात होते.

हा वेग फार महत्त्वाचा. 1977 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक जुना प्रयोग आहे. तेवढ्याच कर्बोदकांची सफरचंदं एकदा अख्खी, एकदा गर करून, एकदा रस काढून दिली. अख्खी खायला सुमारे 17 मिनिटं लागली, गराला 6, रसाला दीड. रस आणि गर घेतल्यावर इन्सुलिनही जास्त चढलं आणि पोट कमी भरल्यासारखं वाटलं. इथे ना फॅट वाढलं ना साखर, फक्त फळाची बांधणी मोडली.

बदामाचं उदाहरण याहून पुढचं आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात शरीराला प्रत्यक्ष मिळालेल्या कॅलरी अशा निघाल्या: अख्ख्या कच्च्या बदामातून ग्रॅमला 4.42, भाजलेल्यातून 4.86, तुकडे केलेल्यातून 5.04 आणि वाटून केलेल्या बदाम बटरमधून 6.53. अख्ख्या बदामातलं बरंच फॅट पेशींच्या भिंतींआड अडकून न पचताच बाहेर पडतं. वाटलं की त्या भिंती फुटतात. लेबलवर मात्र चारही प्रकारांना जवळपास एकच आकडा दिसेल, कारण तो 9 आणि 4 च्या ठरावीक गुणाकारातून येतो.

आता चवीकडे येऊ. निसर्गात फॅट आणि कर्बोदकं दोन्ही भरपूर असलेले पदार्थ फार थोडे. दुधाचं नाव सगळ्यांना आठवतं, पण त्यात पाणीच 87 टक्के असतं. कारखान्यात मात्र ही जोडी हमखास जमवली जाते. येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या 2018 सालच्या प्रयोगात लोकांना सारख्याच कॅलरीचे खाऊ दाखवून त्यांसाठी बोली लावायला सांगितली. नुसत्या फॅटच्या किंवा नुसत्या कर्बोदकांच्या खाऊपेक्षा दोन्ही एकत्र असलेल्या खाऊला जास्त बोली लागली. फॅटच्या पदार्थातल्या कॅलरींचा अंदाज लोकांना बरा येत होता, दोन्ही एकत्र आले की तो चुकत होता.

त्यानंतर 2019 मध्ये कॅन्सस विद्यापीठातल्या संशोधकांनी 'थांबवत नाही' अशा पदार्थांसाठी चक्क मोजपट्टीच दिली. एकूण कॅलरींपैकी 20 टक्क्यांहून जास्त फॅटमधून आणि 20 टक्क्यांहून जास्त साखरेतून, ही पहिली जोडी. 25 टक्क्यांहून जास्त फॅटमधून आणि वजनाच्या किमान 0.30 टक्के सोडियम, ही दुसरी. 40 टक्क्यांहून जास्त कर्बोदकांतून आणि किमान 0.20 टक्के सोडियम, ही तिसरी.

घरी हे तपासायला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. समजा, एका क्रीम बिस्किटाच्या 100 ग्रॅममध्ये फॅट 21, कर्बोदकं 70, त्यातली साखर 38 आणि प्रोटीन 5 ग्रॅम आहे. 21 गुणिले 9 म्हणजे 189, 70 गुणिले 4 म्हणजे 280, 5 गुणिले 4 म्हणजे 20, एकूण 489. फॅटचा वाटा 189 भागिले 489, म्हणजे जवळपास 39 टक्के. साखरेच्या 152 कॅलरी, म्हणजे 31 टक्के. पहिल्या जोडीत बिस्किट आरामात बसलं. चिप्स दुसऱ्या जोडीत जातात. सोडियमऐवजी लेबलवर मीठ लिहिलं असेल तर त्याला 2.5 ने भागायचं. 100 ग्रॅममध्ये 500 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 0.50 टक्के.

आता याच बिस्किटाचा 'लो फॅट' भाऊ घ्या. फॅट निम्म्यावर, 10 ग्रॅम. पण कणकेतलं फॅट पिठाच्या प्रोटीनला वेढून ग्लूटेनची जाळी घट्ट होऊ देत नाही, त्यामुळेच बिस्किट खुसखुशीत होतं. ते काढलं की बिस्किट कडक आणि कोरडं होतं. ती कसर साखर, पाक आणि स्टार्चने भरून काढतात. कर्बोदकं 78, प्रोटीन 6 झालं असं धरलं तर एकूण 426 कॅलरी. 100 ग्रॅमला बचत 63, दहा ग्रॅमच्या एका बिस्किटाला सहा. सात बिस्किटं खाल्ल्यावर जेमतेम 44 कॅलरी वाचतात, आणि 'हे तर लो फॅट आहे' म्हणत आठवं उचललं की तीही बचत गेली.

साखर काढतानाही असंच होतं. साखर गोडी देते, तसंच पदार्थाला भरीवपणा, तांबूस रंग आणि ओलावा धरून ठेवायची ताकदही देते. ती जागा भरायला माल्टिटॉलसारखी पॉलिऑल, म्हणजे साखरेऐवजी वापरायची गोड द्रव्यं, येतात, ज्यांच्या ग्रॅमला शून्य नव्हे तर दोनाहून जास्त कॅलरी असतात आणि प्रमाणाबाहेर खाल्ली तर पोट बिघडतं. किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर, येते. लेबलच्या व्याख्येत ती साखर नाही, पण कॅलरी साखरेइतक्याच, आणि पचून तिचं झटपट ग्लुकोज होतं. साखर एकाच नावाने न घालता ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, फळांच्या रसाचा अर्क अशी वाटून घातली तर घटकांच्या यादीत प्रत्येक नाव खाली सरकतं, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सगळी नावं मनात एकत्र केली की कित्येकदा पहिला क्रमांक साखरेचाच निघतो.

पेयांच्या बाबतीत मात्र 100 ग्रॅमचा नियम फसतो. कोलाच्या 100 मिलिलिटरमध्ये साखर 10 ते 11 ग्रॅम, कॅलरी जेमतेम 42. आकडा निरुपद्रवी वाटतो, पण अर्ध्या लिटरमध्ये 50 ग्रॅमहून जास्त साखर जाते. वरून घातलेल्या आणि रस, मध वगैरेंतल्या साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा रोजच्या कॅलरींच्या 10 टक्के आहे. 2000 कॅलरींच्या आहारात ती 50 ग्रॅम होते, म्हणजे एका बाटलीत संपली. शिवाय प्यायलेल्या कॅलरींची शरीर नीट नोंद घेत नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात 15 जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरी जेली बीन्स नावाच्या साखरेच्या गोळ्यांमधून आणि चार आठवडे तेवढ्याच गोड सोड्यातून (शीतपेयातून) दिल्या. जेली बीन्सच्या काळात लोक बाकीचं आपोआप कमी खात होते. सोड्याच्या काळात तसं झालं नाही आणि वजन वाढलं. पेयांसाठी म्हणून एकच हिशेब: पूर्ण बाटलीतली साखर किती ग्रॅम.

'साखरेची चरबी होते' हे वाक्य अर्धवट खरं आहे. खाल्लेल्या साखरेचं चरबीत रूपांतर माणसाच्या शरीरात एरवी फारसं होत नाही. कर्बोदकं आली की शरीर आधी तीच जाळतं, आणि सोबत खाल्लेलं फॅट जवळजवळ आयतंच साठ्यात जाऊन बसतं. क्रीम बिस्किटातली जोडी म्हणूनच जास्त महागात पडते, अर्थात एकूण कॅलरी गरजेपेक्षा जास्त झाल्या तर. 2018 मध्ये स्टॅनफर्डमध्ये 609 जणांवर वर्षभर चाललेल्या तुलनेत कमी फॅटच्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलोने उतरलं, कमी कर्बोदकांच्या गटाचं 6.0 किलोने, हा फरक लक्षात घेण्याजोगा नाही. दोन्ही गटांना साखर, मैदा टाळायला आणि भाज्या, साधं अन्न खायला सांगितलं होतं, हे मात्र बातम्यांमधून बहुतेकदा गळून पडतं.

रोज थोडंसं जास्त खाल्लं तर काय होतं? हॉल यांच्या 2011 च्या गणिताप्रमाणे रोजच्या 24 कॅलरींच्या कायमच्या फरकाने प्रौढ माणसाच्या वजनात सरतेशेवटी सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा साधारण वर्षभरात, बाकीचा बहुतेक तीन वर्षांत. वरची दोन बिस्किटं, म्हणजे सुमारे 100 कॅलरी, रोज जादा गेली आणि बाकी काही बदललं नाही, तर चार किलो. उलट दिशेनेही हेच गणित लागू होतं, आणि तेवढ्याच संथपणे.

व्यवहारात 100 ग्रॅमला 150 कॅलरींच्या आत असलेलं घन अन्न पोटभर खायला हरकत नाही. 400 च्या वर गेलेलं पाकिटातून थेट खाऊ नये, वजनकाट्यावर मोजून वाटीत काढावं. 'एक सर्व्हिंग 30 ग्रॅम' म्हणजे किती, हे सीरियलच्या वाडग्यात एकदा मोजून बघाच. खजूर आणि सुक्यामेव्याच्या एनर्जी बारलाही याच नियमातून जाऊ द्या, तो बहुधा चारशेच्या आसपासच निघतो.

पाकीटबंद किंवा डबाबंद म्हणून सरसकट सगळं टाळायचीही गरज नाही. फ्रोझन मटार, बिनसाखरेचं दही, डब्यातले उकडलेले राजमा किंवा छोले यांचा आकडा सहसा दीडशेच्या आतच असतो. डब्यातल्या कडधान्यांचं पाणी टाकून ती नळाखाली नीट धुतली की मीठही बरंच निघून जातं.