डरहॅममध्ये छायाचित्रण: वेअर नदीचा काठ, कॅथीड्रल आणि उन्हाची दिशा

इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम शहरात वेअर नदी एका उंच खडकाला तीन बाजूंनी वेढा घालते, आणि त्या खडकावर कॅथीड्रल व किल्ला समोरासमोर उभे आहेत. या दोन्ही वास्तूंचा १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. नदीकाठच्या पायवाटेने या साऱ्याला वळसा घालता येतो. मात्र येथे चित्र चांगले येणे लेन्सपेक्षा उन्हाच्या दिशेवर अधिक अवलंबून असल्यामुळे दिवसाचा क्रम त्यानुसारच आखावा.

आम्ही ऑक्टोबरच्या मध्यास गेलो होतो. सकाळी पूर्वेच्या बाजूने आरंभ केला. सेंट ऑस्वाल्ड चर्चच्या आवारातून नदीपलीकडील कॅथीड्रलची पूर्व बाजू कोवळ्या उन्हात उजळलेली दिसते. तेथून जवळच अभियंता ओव्ह अरुप यांनी रचलेला १९६३ सालचा किंग्जगेट पूल आहे. त्याचे दोन अर्धे भाग काठांना समांतर बांधून नंतर नदीवर फिरवून जोडण्यात आले. जुन्या दगडी शहरातील हा सडपातळ काँक्रीटचा पूल बहुतेक पर्यटक नुसता ओलांडून जातात, हे मला तरी नवलाचे वाटले.

दुपारचे डोक्यावरचे ऊन कॅथीड्रलच्या आत घालवावे. या वास्तूचे बांधकाम १०९३ मध्ये सुरू झाले. मुख्य दालनातील खांबांचा घेर आणि उंची प्रत्येकी सुमारे ६.६ मीटर असून त्यांवर नागमोडी व चौकटीच्या आकृत्या खोल कोरलेल्या आहेत. संपूर्ण दालन एका चौकटीत बसवण्याच्या खटाटोपापेक्षा एकाच खांबाजवळ उभे राहून तिरप्या प्रकाशातील कोरीवकाम टिपणे अधिक फलदायी ठरते. आत छायाचित्रणाचे त्या दिवशीचे नियम स्वयंसेवकांना विचारून घ्यावेत आणि प्रार्थना सुरू असताना कॅमेरा बंद ठेवावा. प्रवेशासाठी ऐच्छिक देणगी घेतात; मनोऱ्यावर जाण्यासाठी मात्र वेगळे तिकीट असते आणि ३२५ पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून जड सामान बरोबर नेऊ नये.

तिसऱ्या प्रहरी फ्रॅमवेलगेट पूल ओलांडून नदीच्या पश्चिम काठाने चालू लागावे. बंधारा, पलीकडची जुनी गिरणी आणि त्यांच्या वर झाडीतून उठलेले कॅथीड्रलचे पश्चिमेकडील जुळे मनोरे हे येथील सर्वपरिचित दृश्य आहे, आणि ते सकाळी काढल्यास ऊन समोरून येऊन मनोरे काळवंडतात. बंधाऱ्यावरचे पाणी रेशमासारखे दिसावे यासाठी तिपाईवर कॅमेरा ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचे लहान छिद्र) आणि सुमारे अर्धा सेकंद प्रकाश आत घेणे ही मांडणी मला सोयीची वाटली; प्रकाश फार असल्यास एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी काच, लागतो. पायवाट अरुंद आहे, धावणारे व सायकलस्वार येत असतात, तेव्हा तिपाईचे पाय काठाकडे पसरावेत. ओल्या पानांवरून पाय घसरतो, म्हणून पकड असलेले बूट हवेत. उन्हाळ्यात दाट पालवीमुळे इमारतीचा बराचसा भाग झाकला जातो, म्हणून पानगळीचा काळ मला अधिक पसंत आहे.

मावळतीच्या उन्हासाठी दोन जागा आहेत. रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या व्हॉर्टन पार्कमधून शहराची छपरे आणि कॅथीड्रल एकत्र दिसतात, तर ऑब्झर्व्हेटरी हिल या गवताळ टेकडीवरून कॅथीड्रल मोकळे दिसते. टेकडीवर २०० मिलिमीटरच्या आसपासची, दूरचे जवळ आणणारी लेन्स न्यावी; जवळून वर पाहून काढलेल्या चित्रात मनोरे मागे कलतात, दुरून तो दोष राहत नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून येणारी गाडी सुमारे तीन तासांत पोहोचते. डरहॅमजवळ येताच ती १८५७ च्या उंच कमानींच्या पुलावरून जाते आणि कॅथीड्रल उजव्या हाताला दिसते, तेव्हा उजवीकडील खिडकी मागून घ्यावी. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून त्या काळात पश्चिम काठावर दोन वाजताच पोहोचावे.