साइन ७५ साठी एवढा आटापिटा कशाला?

"मॅडम, मोबाइलवर साइन ७५ दाबलं की झटक्यात उत्तर येतं, मग पोरांना रूट सिक्स प्लस रूट टू अपॉन फोर कशाला काढायला लावता?" पालक विचारतात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये शेजारी विचारतात, आणि परवा करी रोडला गाडीची वाट बघताना एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईनेही विचारलं. गणिताचे क्लास घेणारी मी आजवर "बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, सीईटीलाही नाही" एवढं बोलून सुटत आले. खरंय ते, पण पळवाट आहे. तुम्ही सगळेच विचारताय म्हणून आता एकदाच नीट लिहिते. ए आणि बी या दोन कोनांच्या बेरजेचा साइन म्हणजे साइन ए कॉस बी प्लस कॉस ए साइन बी, त्यात ४५ अधिक ३० घातले की ७५ चं ते रूटवालं उत्तर येतं, पुस्तकातली रीत एवढीच.

लालबागची एक मुलगी होती माझ्याकडे, वडील बेस्टमध्ये कंडक्टर. कॉलेजच्या युनिट टेस्टला साइन ७५ आला आणि हिने ४५ नि ३० ला हात न लावता ७५ हा १५० चा अर्धा धरला, कॉस १५० म्हणजे उणे रूट थ्री बाय टू, ते अर्धकोनाच्या सूत्रात घातलं आणि उत्तर लिहिलं √(२+√३)/२. मार्क शून्य. मला पेपर दाखवून म्हणाली, "मॅडम, चुकलं का?" मी (√६+√२)/४ चा वर्ग केला: ६ अधिक २ अधिक २√१२, भागिले १६, म्हणजे (८+४√३)/१६, म्हणजे (२+√३)/४. तिच्या उत्तराचा वर्गही तोच, दोन्ही धन, म्हणजे उत्तर एकच. मला इतका राग आला की तिला घेऊन थेट कॉलेजात गेले. तिथल्या सरांनी काय करावं, खिशातून कॅल्क्युलेटर काढला! दोन्हीकडे ०.९६५९२५८२६. मग म्हणतात, "जुळतंय हो, पण इतक्या आकड्यांपर्यंत जुळलं म्हणजे सारखं आहे असं नाही ना, आणि मॉडेल आन्सरमध्ये हे नाहीये." यातलं अर्धं वाक्य अगदी बरोबर होतं, जे मीच वर्गात ओरडून सांगते, त्यामुळे जास्तच चिडले. तिथेच एका कागदावर वर्ग करून दाखवला. त्यांनी वाचला, मान डोलावली, म्हणाले बरोबर आहे, पण मार्क आता सबमिट झालेत.

परतताना पोरगी म्हणाली, "मॅडम, मग एक्झॅक्ट म्हणजे मॉडेल आन्सरमध्ये असतं तेच का?" पुढे तिने मॅथ्स सोडलं, बायो घेतलं. त्या मार्कांमुळे सोडलं असं म्हणायला मला आवडेल, पण तिला बायो आधीपासूनच आवडायचं.

तेव्हा मी तिला ठणकावून सांगितलं असतं की दशांश म्हणजे अंदाज आणि करणी, म्हणजे हे रूटवालं रूप, म्हणजे सत्य. आता एवढं छातीठोकपणे नाही बोलवत, कारण √६ सुद्धा शेवटी २.४४९ करत कुठेतरी तोडावाच लागतो. फरक तो तोडेपर्यंत आहे. साइन १५ गुणिले साइन ७५ करा, म्हणजे (√६−√२)/४ गुणिले (√६+√२)/४, वरती ६ वजा २, खाली १६, सरळ पाव. तेच ०.२५८८ गुणिले ०.९६५९ केलं तर ०.२४९९७४९२. पोरं म्हणतात, मॅडम, पावच झालं की! अरे पण पावच आहे हे कशावरून? त्यासाठी परत रूटकडेच यावं लागतं.

हे इंग्रजांनी आणलेलं खूळ आहे असंही एका काकांनी ऐकवलं. काका, भास्कराचार्यांच्या ११५० च्या सिद्धांतशिरोमणी ग्रंथात दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ‘ज्या’, म्हणजे आपला साइन, काढायची रीत आहे, १८ अंशाची ‘ज्या’ रूट फाइव्ह वापरून दिलीये. १८ मधून १५ वजा केले की ३ अंश मिळतात, मग ६, ९, १२, सगळे वर्गमुळातच. साइन २० मात्र हट्टी, वँट्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये दाखवलं की ६० चे तीन समान भाग पट्टी-कंपासने होत नाहीत, म्हणून तिथे नुसती वर्गमुळं पुरत नाहीत. मला हे सांगायला पोरं वर्गात बसलेली लागतात, आणि पालकांना सिलॅबस संपलेला.

कॉमर्सला जाणाऱ्या मुलाला याचा काय उपयोग, याचं उत्तर माझ्याकडे नाही, उगाच बनवणार नाही. आणि हल्ली फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप्स आलीत, दोन उत्तरं सारखी आहेत हेही सांगतात, म्हणजे माझा मुख्य मुद्दाही किती दिवस टिकेल कोण जाणे. तोवर माझ्याकडे ७५ ची फोड फळ्यावरच होणार, आणि कोणी अर्धकोनाने काढलं तर पूर्ण मार्क.