चोर्ला घाटातला सडा: फुलांसाठी जा, पण त्या उतरणीने येऊ नका

सगळ्यात आधी हेच लिहिते, म्हणजे कोणी अर्धवट वाचून निघालं तरी एवढं तरी कळेल. सडा, म्हणजे घाटावरचं जांभ्या कातळाचं उघडं पठार, बघून झाला की आलात त्याच वाटेने परत फिरा. 'इकडून उतरलं की पाच मिनिटांत रस्ता' असं कोणीही सांगू दे, ऐकायचं नाही. आमच्या त्या पाच मिनिटांचे एक तास चाळीस मिनिटं झाले आणि आमच्या जाऊबाईंचा घोटा अजून सुजलेला आहे.

आम्ही फोंड्याचे. मी, नवरा आणि थोरल्या जाऊबाई. फुलांचं वेड आम्हा दोघी जावांना, नवरा गाडी चालवायला. घरामागच्या परसात श्रावणापासून सोनटक्का फुलतो, रात्री खिडकीतून वास आत येतो, कुंपणाला तेरडा आपोआप उगवतो, पारिजातक सकाळी अंगण भरून टाकतो, हे सगळं बसल्या जागी मिळतं. पण कातळावरची फुलं परसात येत नाहीत, त्यांच्यासाठी उठून जावंच लागतं. कोणीतरी एक फोटो पाठवला, अख्खं पठार जांभळं, खाली लिहिलेलं 'गोव्याचं कास, रस्त्यापासून दहा मिनिटं'. दोन्ही खोटं निघालं. तो फोटो गोव्यातला नाही असं माझं आता ठाम मत आहे.

शुक्रवारी तांबडी सुर्ला केलं. कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ, बाजूला ओढा, गर्द झाडी, कोणीही आरामात जाऊन येऊ शकतं, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक सांगते, मॅपवर नुसतं सुर्ला टाकून निघू नका. मोलेकडचं तांबडी सुर्ला वेगळं, डिचोली तालुक्यातलं सुर्ला वेगळं आणि चोर्ला घाटातलं सत्तरीतलं सुर्ला आणखी वेगळं. आमच्या ओळखीचे एक जण याच चुकीने अर्धा दिवस फिरत राहिले होते.

शनिवारी पहाटे सहाला निघालो. उसगाव, होंडा, पर्ये, केरी, मग अंजुणे धरण मागे टाकून घाट. सप्टेंबरचा पहिला आठवडा, चतुर्थीला नऊ दिवस होते. घाटात धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसायचा. हा बेळगावचा रस्ता आहे, मालाचे ट्रक वळणावर अंगावर येतात, तेव्हा कळलावीचं फूल दिसलं म्हणून वळणावर गाडी थांबवू नका. फूल फार सुंदर असतं, पिवळं-लाल ज्वाळेसारखं, पण कंद जहरी, मुलं सोबत असतील तर हात लावू देऊ नका.

वर चहाच्या टपरीवर एक माणूस भेटला. 'मॅडम, सडा सापडायचा नाही तुम्हाला, मी दाखवतो.' माणशी ८०० रुपये, वर 'जंगलखात्याची परमिशन मी काढून ठेवलीय' म्हणून ३००. म्हणजे २७०० रुपये मोजले आणि हातात एक चिठ्ठीसुद्धा नाही. ते वेगळे ३०० दिले ही आमची मोठी चूक. या भागातलं बरंच जंगल म्हादई अभयारण्यात येतं, १९९९ पासून, २०८ चौरस किलोमीटर, तिथे आत जायची परवानगी वनखात्याची असते, टपरीवरच्या माणसाची नसते. आदल्या दिवशी वनखात्याच्या ऑफिसात विचारा, पैसे भरलेच तर पावती घ्या, पावती नाही तर पैसे नाहीत.

मग त्याने आम्हाला जंगलातून चढवलं, एक तास दहा मिनिटं. चढ तसा काही वाईट नाही, रोज चालायची सवय असेल तर जमतो. त्रास जळवांचा. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावून गेलो होतो म्हणून निभावलं, नवऱ्याने ऐकलं नाही, त्याच्या पायावर सात निघाल्या. मिठाची पुरचुंडी खिशात हवीच. जळू ओढून काढू नका, मीठ लावा, आपोआप सुटते.

आणि मग एकदम झाडी संपली आणि सडा.

खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मी निराश झाले. धुक्यात काळा ओला कातळ, खुरटं गवत, डबकी. जांभळं काही नाही. मग जाऊबाई गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, उभी राहून काय बघतेस, खाली बस." बसले. आणि मग दिसायलाच लागलं. सीतेची आसवं, नखाएवढी, जांभळी, पाण्याच्या कडेने हजारोंनी. पांढरे गेंद, मण्यांसारखे, काडीवर टोचल्यासारखे. कवल्याची पिवळी फुलं. दवबिंदू नावाचं रोपटं, त्याच्या पानांवरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब आणि एका थेंबात अडकलेलं चिलट अजून हलत होतं. साडेदहाच्या सुमारास धुकं जरा उचललं, ऊन पडलं आणि ते सगळे थेंब एकदम चमकले, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परसात वीस वर्षं बागकाम करतेय, पण असं काही बघितलं नव्हतं.

जांभ्या कातळावर मातीचा थर बोटभर, कुठे तेवढाही नाही, पावसात चार महिने पाणी साचतं, खत म्हणावं असं त्या मातीत काही राहत नाही, म्हणून यातली काही झाडं किडे खाऊन भागवतात. दवबिंदू पानांनी पकडतो. सीतेच्या आसवांना जमिनीखाली ओल्या चिखलात बारीक फुगे असतात, डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढे, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. म्हणून पाय ठेवताना फुलावर पडला नाही एवढ्यावर समाधान मानू नका, चिखलात घुसलेल्या बुटाखाली अर्धं झाड असतं. उघड्या कातळावरूनच चाला.

इथे गाईडने एक गोष्ट केली ज्याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे. कडेला पांढऱ्या फुलांचं एक रानटी ऑर्किड होतं, ते त्याने कंदासकट उपटून जाऊबाईंच्या हातात दिलं, 'घरी लावा' म्हणून. जाऊबाईंना रडू यायचं बाकी होतं. ही झाडं कुंडीत जगत नाहीत हो! त्या कंदाला तिथल्या मातीतली बुरशी लागते, सीतेच्या आसवांना तिथला उपाशी चिखल लागतो, आपल्या शेणखताच्या कुंडीत ती चार दिवसांत कुजतात. आम्ही तो कंद परत त्याच खड्ड्यात दाबून आलो, जगला असेल अशी आशा आहे. फुलं आवडत असतील तर तिथे जाऊन बघा, आणि जो उपटून देतो त्याला तिथल्या तिथे थांबवा. मी मोठ्याने बोलले, तुम्हीही बोला.

आता ती उतरण. परत फिरताना तो म्हणाला पाणंदीने उतरू, पाच मिनिटं. पाणंद कसली, पावसाचा ओहोळ तो. दोन्ही बाजूंनी जांभ्याचे दरडे, मधे पायरीपायरीने कातळ आणि त्यावर हिरवं-काळं शेवाळ. जांभा कोरडा असतो तेव्हा खरखरीत, पाय छान धरतो, पण शेवाळलेला जांभा म्हणजे साबण, चांगले ट्रेकिंग बूटसुद्धा काही कामाचे नाहीत. साधारण दोनशे मीटर असेल, जास्त नाही, पण आम्ही बसून, घसरत, मुळं धरत उतरलो, मध्येच पाऊस आला आणि पाण्याला जोर चढला तेव्हा मला खरंच भीती वाटली. तिसऱ्या पायरीवर जाऊबाईंचा पाय दोन दगडांमध्ये गेला. गाईड तोवर पुढे खाली जाऊन विडी ओढत उभा. नवऱ्याने त्यांना अक्षरशः पाठीवर घेऊन शेवटचा टप्पा उतरवला. नवरात्रीपर्यंत कोणीही त्या ओहोळात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग तुम्ही सह्याद्रीतले कितीही गड चढलेले असा.

खाली रस्त्याकडेला एक म्हातारी गुरं घेऊन उभी होती. "खंय गेल्लीं गो बाय?" सांगितलं, तर म्हणाली सड्यावर जायला गुरांची वाट आहे, पलीकडच्या वळणावरून, वीस मिनिटं, सपाट, तिची गुरं रोज जातात. पैसे कोणी घेत नाही. मी तिथेच बसले रस्त्यावर. तिनेच जाऊबाईंच्या घोट्याला फडकं बांधून दिलं. मी माटोळीसाठी, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर रानफळं टांगतात त्यासाठी, कांगलां ही रानफळं मिळतील का विचारलं तर म्हणाली, "कांगलां अजून पिकूंक नात." पैसे देऊ केले, घेतले नाहीत, मग डब्यातल्या दशम्या दिल्या.

तर जाणार असाल तर गुरं राखणाऱ्या, शेतात असलेल्या माणसांना वाट विचारा, टपरीवर आपणहून पुढे येणाऱ्याला नको. सोबत तिघं-चौघं असा, आत मोबाइलला रेंज नाही. छत्री घेऊ नका, रेनकोट घ्या, हात मोकळे हवेत. बसायला प्लास्टिकचा तुकडा घ्या, कारण बसल्याशिवाय इथे काही दिसत नाही. मोबाइलने जवळचे फोटो नीट येत नाहीत, जाऊबाईंच्या चष्म्याच्या दुकानातल्या साध्या भिंगाने मात्र फार मजा आली. सकाळी नऊ ते बारा ही वेळ चांगली, दुपारी पुन्हा धुकं.

रविवारी वाळपईकडे जायचं ठरलं होतं, ते रद्द, घरी येऊन घोटा शेकत बसलो.

ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जमवा. पाऊस थांबून आठवडाभर कडक ऊन पडलं की कातळ तापतो, डबकी आटतात आणि सीतेची आसवं बघता बघता संपतात, ऑक्टोबरात गेलात तर पिवळं गवत मिळेल.