सुधारला का गं स्विंग?

"गोल्फचे लेसन घेतल्यावर स्विंग खरंच सुधारतो का?" हे गेल्या चार वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलंय आणि मी इतकी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, की आता एकदा नीट लिहूनच टाकते. ड्राइव्ह (लांबचा पहिला फटका) छान बसला त्या दिवशी मी "डोळे झाकून घे" म्हटलंय. वाईट दिवशी "अजिबात नादी लागू नकोस" असंही सांगितलंय. दोन्ही वेळा विचारणाऱ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्याबद्दल आधी माफी मागते.

माझा स्विंग सुधारला. हे ठामपणे सांगते, कारण पहिल्या लेसनचा व्हिडिओ माझ्याकडे आहे आणि गेल्या महिन्यातलाही आहे. पहिल्यात डाउनस्विंग (हात वरून खाली येणं) सुरू होताच उजवा खांदा पुढे झेपावतो, क्लब (चेंडू मारायची काठी) बाहेरून आत चेंडू कापत जातो, आणि शेवटी मी मागच्या पायावर रेललेली दिसते. आताच्या व्हिडिओत वजन डाव्या पायावर आलंय आणि पोट लक्ष्याकडे वळलंय. पण एवढं सांगितलं तरी विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. त्याला विचारायचं असतं वेगळंच: स्कोअर उतरला का (इथे कमी फटके म्हणजे चांगलं), आणि किती दिवसांत? तिथे मी अडखळते.

माझा चेंडू डावीकडे निघायचा आणि हवेत मोठा वळसा घेऊन उजवीकडे यायचा. म्हणून मी तीसेक यार्ड डावीकडे नेम धरायचे, आणि तो फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) परत यायचा. दहातून सहा-सात वेळा तरी यायचाच. त्या स्लाइसने माझं अंतर खाल्लं होतं, बघायलाही तो कुरूप होता, पण तो कुठे जाणार हे मला ठाऊक होतं. बारा वर्षं मी त्याच्या भरवशावर खेळले. डावीकडे नेम धरला की क्लब आणखी बाहेरून येतो आणि स्लाइस आणखी वाढतो, हे कोचनी पहिल्याच दिवशी जमिनीवर दोन काठ्या ठेवून दाखवलं. मला ते पटलं. मग त्यांनी माझी ग्रिप बदलली. डावा हात जरासा उजवीकडे फिरवला, वरून पाहिलं की मुठीच्या दोन-तीन गाठी दिसतील इतका. माझी तोवर एकच दिसायची. फरक असेल सेंटीमीटरभर, पण क्लब दुसऱ्याच कोणाच्या हातात असल्यासारखा वाटला.

यातली मेख मला फार उशिरा कळली. चेंडू कुठल्या दिशेने निघतो हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) कुठे बघतोय त्यावर ठरतं. तो किती वळतो, हे फेसची दिशा आणि क्लब ज्या वाटेने येतोय ती वाट यांच्यातल्या फरकावर. (पूर्वी बरेच जण याच्या उलट शिकवायचे, म्हणजे वाट ठरवते तिकडे चेंडू निघतो असं. रडारवर चालणारी यंत्रं आल्यावर ते मागे पडलं.) माझी ग्रिप एका दिवसात बदलली, त्यामुळे फेस उघडा राहायचा तो आता मिटून यायला लागला. वाट मात्र बारा वर्षांच्या सवयीची. मग चेंडू डावीकडे निघायचा आणि तिकडेच जायचा, वळून परत यायचा नाही. इतकी वर्षं दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. त्यातली एक काढून घेतली आणि दुसरी उघडी पडली. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

चौथ्या लेसननंतर नऊ दिवसांनी आमची जोड्यांची स्पर्धा होती. फोरसम्स. दोघींत मिळून एकच चेंडू, एक फटका तिचा, एक माझा. विषम होलवर टी शॉट (होलचा पहिला फटका) माझा, सम होलवर तिचा. जोडीदार माझी जुनी मैत्रीण. सलग सहा वर्षं आम्ही एकत्र नाव दिलं होतं.

पहिल्या होलवर चेंडू डावीकडे झाडीत गेला. ती वाकून आत शिरली, फांद्यांमधून फट शोधली आणि आडवा मारून बाहेर काढला. तिसऱ्या होलवर पुन्हा तेच. पाचव्याला मी गुपचूप हात मागे फिरवून जुनी ग्रिप धरली, जुना नेम धरला, आणि ऐन खाली येताना हात आपोआप नव्यासारखे वळले. तोही गेला. त्या क्षणी मी खरी घाबरले. नवा स्विंग आलेला नव्हता आणि जुनाही हाताशी उरला नव्हता.

अकराव्याला माझा टी शॉट दिवसात पहिल्यांदा सरळ गेला. तिने फेअरवे वुडने (लांब मारायच्या क्लबने) सुरेख फटका मारून मला ग्रीनपासून (झेंड्याभोवतीच्या बारीक गवतापासून) साठ यार्डांवर आणून ठेवलं. सपाट जागा, नीट कापलेलं गवत, चेंडू पूर्ण वर बसलेला. मी वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) घेतला. डावा हात फिरव, उजवा खांदा मागे ठेव, आतून ये, वजन डावीकडे. चार लेसनमधल्या चार सूचना मी एकापाठोपाठ एक मनात म्हटल्या आणि मारला. खट् असा बोदा आवाज आला. चेंडू फेसला लागलाच नव्हता. दांडा क्लबच्या डोक्यात शिरतो तिथल्या मानेवर बसला आणि जवळजवळ काटकोनात उजवीकडे उडाला, ती उभी होती तिच्या पुढून, सरळ पाण्यात. शँक ज्याने मारलाय त्याला तो आवाज सांगायला नको.

आता फटका तिचा होता. तिने एक दंडाचा फटका धरून पुन्हा त्याच जागी चेंडू टाकला. मी नुकतीच जिथे उभी होते तिथे ती उभी राहिली, तसाच वेज, तेच साठ यार्ड. चेंडू झेंड्यापासून दोन मीटरवर थांबला. तिने मला दाखवून द्यायला वगैरे मारला नव्हता, नियमच तसा आहे. पण मला अजूनही तिचा फॉलो-थ्रू दिसतो. वर गेलेले हात, शांत डोकं. पुढचा पट, म्हणजे ग्रीनवरून होलकडे ढकलायचा फटका, मी आखूड मारला.

दिवसभर ती एक शब्द बोलली नाही. बॅग गाडीत ठेवताना तिने विचारलं, "अगं, तू शिकतेयस ना कोणाकडे तरी?" अगदी काळजीने विचारलं. मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी यादी लागली तेव्हा तिचं नाव दुसरीच्या नावापुढे होतं. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्याच रात्री मी उरलेले चार लेसन रद्द केले. पुढची दीड वर्षं जो विचारेल त्याला सांगत फिरले की लेसनने माझा चांगला चाललेला खेळ बिघडवला. एकीने माझं ऐकून ठरवलेले लेसन सोडून दिले. तिचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आजही माझं म्हणणं आहे की ग्रिप अंगवळणी पडण्याआधी दर लेसनला नवी सूचना देणं हे शिकवणं नव्हे. आणि "तुमचा सामना कधी आहे?" हे कोचने विचारायला हवं, विद्यार्थ्याला ते सांगायचं सुचत नाही. हे मी मागे घेणार नाही. पण त्या पहिल्या चार लेसनच्या काळात मी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दोनदाच गेले होते, आणि "रोज थोडं मारते" असं सरांना सांगितलं होतं. हेही खरंच आहे. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या काळात लोकांनी समजुतीला मोठमोठी नावं आणली. टायगर वुड्सने 1997 ची मास्टर्स स्पर्धा 12 फटक्यांनी जिंकूनही स्विंग नव्याने बांधायला घेतला, 1998 त्याच्या मानाने थंड गेलं आणि 2000 मध्ये यूएस ओपन 15 फटक्यांनी जिंकली. निक फाल्डोने डेव्हिड लेडबेटर या कोचकडे दोनेक वर्षं स्विंग घासला आणि मग 1987 ची ब्रिटिश ओपन शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा होलवर पार (ठरलेल्या फटक्यांत होल पूर्ण) करून जिंकली. ऐकायला बरं वाटतं. पण त्यांचा दिवसच सरावात जायचा. मला आठवड्यात दोन संध्याकाळी मिळतात, तेवढ्यात काय नि किती उलगडणार?

उलट बाजूचे लोक बब्बा वॉटसन पुढे करतात. कधी लेसन घेतला नाही, तरी मास्टर्स दोनदा जिंकला. अहो, पण तो लहानपणापासून घराभोवती प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू वळवत मोठा झाला. आपण चाळिशीत क्लब हातात धरला. जिम फ्युरिकच्या वाकड्या स्विंगचा दाखला देणारे तर हे विसरतात की त्याला शिकवणारा होता, त्याचे वडील. त्यांनी तो वाकडेपणा राहू दिला, हे त्यांचं शिकवणं. आणि जॅक निकलस, 18 मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला माणूस, दर मोसमाच्या सुरुवातीला जॅक ग्राउट या आपल्या लहानपणच्या गुरूंकडे जाऊन पहिल्यापासून सगळं तपासून घ्यायचा. या एका गोष्टीपुढे मी गप्प होते.

दीड वर्षाने मी दुसऱ्या कोचकडे गेले. त्यांनी तीन महिने एकच गोष्ट करायला लावली. चेंडूच्या जरा पलीकडे क्लबचं हेडकव्हर ठेवायचं आणि त्याला न लागता चेंडू मारायचा. बाहेरून आलात तर ते उडतंच. खांदा, मनगट, गुडघा, कशाचं नाव नाही. पहिल्या आठवड्यात मी ते इतक्या वेळा उडवलं की त्याची शिवण उसवली. नंतर वाचनात आलं की गाब्रिएल वुल्फ या संशोधिकेने 1999 मध्ये नवशिक्यांवर हेच तपासलं होतं: हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांचे पिच शॉट (जवळून उंच मारायचे फटके) अधिक अचूक पडले. डाउनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो. त्यात माझ्या चार सूचना कुठे मावणार होत्या?

आता आकडे, कारण तेच हवे असतात. सुरुवातीला हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा; कमी तितका चांगला) 24. सगळ्यात वाईट काळात 28. आज 22. चार वर्षांपूर्वीची मी हे ऐकून म्हणेल, दोनसाठी चार वर्षं? आणि मैत्रीण गमावलीस ती? त्या जुन्या मला मी सांगेन की ड्राइव्ह वीस यार्ड लांब जातोय, पाठ दुखायची थांबलीय. ती म्हणेल, एवढे तास रेंजवर नुसती जुन्या स्लाइसने मारत बसले असते तरी दोन उतरलेच असते. मला ते खोडून काढता येत नाही. ते तपासायचा मार्गच नाही.

रेंजवरचा शेवटचा चेंडू मी अजूनही जुन्या ग्रिपने मारते. डावा हात मागे फिरवते, तीस यार्ड डावीकडे बघते. कोचना हे माहीत नाही. परतायची वाट उघडी आहे ना, हे बघायचं असतं. तो पूर्वीसारखा डावीकडे निघून वळत नाही. निघतोच उजवीकडे, आणि तिकडेच जातो.